निर्वासितांची कचेरी आणि संस्थेचा अर्ज

गावात शिक्षणसंस्था, महिला मंडळ किंवा बालवाडी चालवणाऱ्या मंडळींना अनुदानाचा अर्ज हा प्रकार चांगला ठाऊक असतो. नोंदणीचा दाखला जोडा, घटनेची प्रत जोडा, कार्यकारिणीचा ठराव जोडा, तपासलेले हिशेब जोडा. गुरुजींचे अक्षर बरे, म्हणून लिहिण्याचे काम बहुधा गुरुजींच्याच गळ्यात पडते. लिहिता लिहिता त्यांच्या मनात येतेच, की अहो, या लोकांना एवढ्या चौकशा हव्यात कशाला? काम डोळ्यांनी येऊन बघा, पैसे द्या, झालं!

असाच एक अर्ज जगभरच्या स्वयंसेवी संस्था स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हा शहरातल्या एका कचेरीकडे करतात. ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची कचेरी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला यूएनएचसीआर म्हणतात. आपण तिला सरळ उच्चायुक्तांची कचेरी म्हणू. युद्धाने, छळाने घरदार सोडून परमुलखात आलेल्या माणसांचे रक्षण करणे हे तिचे काम. पण छावणीतली शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी ही कामे ती पुष्कळदा स्वतः करीत नाही, भागीदार संस्थांकडून करवून घेते. या भागीदारीसाठी जो अर्ज करावा लागतो, तो आपल्या अनुदानाच्या अर्जाहून लांबलचक आहे. त्यातले प्रश्न कुणा कारकुनाच्या डोक्यातून सहज निघालेले नाहीत. बहुतेक प्रश्नांमागे कुठेतरी लागलेली ठेच आहे, आणि काही ठिकाणी त्या ठेचेची किंमत माणसांच्या जिवाने चुकती झाली आहे.

सुरुवातीला हा अर्ज उलट दिशेने गेला होता, ही एक गंमतच. पहिले महायुद्ध संपले, रशियात क्रांती आणि यादवी झाली, आणि दहा लाखांहून अधिक रशियन माणसे कॉन्स्टँटिनोपलपासून पॅरिसपर्यंत विखुरली. रेडक्रॉस आणि धर्मादाय संस्था त्यांना अन्न, कपडे देऊन देऊन टेकीला आल्या. या माणसांना ना देश, ना कागद. नुसत्या भाकरीने त्यांचा प्रश्न सुटेना. तेव्हा फेब्रुवारी १९२१ मध्ये या संस्था जिनीव्हात एकत्र जमल्या, आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे अध्यक्ष गुस्ताव्ह आदोर यांनी त्या वेळच्या राष्ट्रसंघाला पत्र लिहिले, की आम्ही मदत करतो, पण निर्वासितांच्या वतीने सरकारांशी बोलायला एक अधिकारी नेमा. म्हणजे संस्थांनी कचेरी मागितली, कचेरीने संस्था मागितल्या नव्हत्या. त्याच वर्षी राष्ट्रसंघाने नॉर्वेचे नामवंत ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांना उच्चायुक्त नेमले. मात्र पैसे दिले ते कचेरीच्या खर्चापुरते. प्रत्यक्ष मदतीचा भार खासगी संस्थांवरच राहिला, आणि नान्सेन यांनी त्या संस्थांची एक सल्लागार समिती आपल्याशेजारी बसवून घेतली. १९२२ साली निर्वासितांसाठी जो प्रवासाचा दाखला निघाला, तो पुढे नान्सेन पासपोर्ट म्हणून ओळखला गेला, हे पुष्कळांना माहीत असेल. त्या सल्लागार समितीचे नाव मात्र कुणी फारसे घेत नाही. माझ्या मते महत्त्व तिचेही तितकेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न आपल्या अंगणापर्यंत आला. कोल्हापूरजवळचे वळिवडे गाव कुणाला ठाऊक नाही? रशियाने १९४० आणि १९४१ साली पोलंडमधून सैबेरियाकडे हद्दपार केलेली माणसे पुढे सुटली आणि इराण, कराची असे करीत हिंदुस्थानात आली. १९४३ पासून त्यांतली सुमारे पाच हजार वळिवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुले. लंडनमध्ये असलेले पोलंडचे परागंदा सरकार त्यांचा पालक होते. पण जुलै १९४५ मध्ये इंग्रज सरकारने त्या सरकारची मान्यता काढून घेतली, आणि पालकच नाहीसा झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था, जिला तेव्हाचे लोक अनरा म्हणत, आणि तिच्यामागून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना यांनी या मंडळींची जबाबदारी घेतली. कागदावरचे मालक असे बदलत गेले. रोजचा संसार मात्र कुणी चालवला? त्या पोलिश बायकांनीच. शाळा त्यांच्या, स्काउटची पथके त्यांची, नाटके त्यांची, चर्च त्यांचे. वरची संस्था पैसा आणि कागद देते, खालची माणसे काम उभे करतात, हे चित्र पंचगंगेकाठी तेव्हाच दिसले होते.

१९४८ मध्ये पोलिश मंडळी गेली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. आजचे कापडबाजाराचे गांधीनगर ते हेच. या सिंधी बांधवांपर्यंत जिनीव्हाचा हात कधी पोचला नाही, आणि त्याला कारण आहे. फाळणीत आलेल्यांना भारताने परके म्हणून घेतलेच नाही, नागरिक म्हणून घेतले. आणि उच्चायुक्तांच्या कचेरीचा जो नियम पुढे ठरला, त्यात जिथे राहतो तिथल्या नागरिकांसारखे हक्क ज्याला मिळाले आहेत, तो तिच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. त्याच बराकी, तीच कौले, पण एकासाठी आंतरराष्ट्रीय संघटना आणि दुसऱ्यासाठी आपले सरकार, आपल्या संस्था. मदत मागायला जाताना आपण कुणासाठी मागतो आहोत, हे पहिल्या ओळीत का लिहावे लागते, ते यावरून समजते.

आता मूळ नियमाकडे वळू. १४ डिसेंबर १९५० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उच्चायुक्तांच्या कचेरीची घटना मंजूर केली आणि १ जानेवारी १९५१ पासून काम सुरू झाले. मुदत तीन वर्षांची. तीन वर्षांत जगातले निर्वासित संपतील, असा हिशेब! (ही मुदत दर वेळी वाढवीत वाढवीत शेवटी २००३ साली आमसभेने मुदतीची अटच काढून टाकली.) या घटनेतले दहावे कलम आपल्या विषयाचे मूळ आहे. त्याचा आशय असा, की उच्चायुक्तांना जो सरकारी किंवा खासगी पैसा मिळेल, तो त्यांनी हे काम करायला सर्वांत लायक वाटतील अशा खासगी, आणि योग्य तिथे सार्वजनिक, संस्थांत वाटावा. त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की आमसभेच्या परवानगीशिवाय त्यांनी सरकारांकडे पैसे मागू नयेत, जाहीर आवाहनही करू नये. म्हणजे वाटपाचा अधिकार दिला आणि मागण्याचा हात बांधला. लग्नात वाढप्याच्या हाती रिकामे पातेले द्यावे, तसे झाले.

पहिले उच्चायुक्त डच गृहस्थ होते, खेरित यान व्हान ह्यूव्हन गुडहार्ट. पेशाने पत्रकार, जर्मनांनी हॉलंड व्यापले तेव्हा गुप्तपणे वर्तमानपत्र चालवलेले, आणि स्वतः निर्वासित होऊन लंडनला गेलेले. त्यांच्या हाताखाली तीस-पस्तीस माणसे आणि वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर, तेही फक्त कचेरीच्या खर्चासाठी. युरोपातल्या छावण्यांत लोक कुजत पडलेले. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने २९ लाख डॉलरची देणगी दिली तेव्हा कुठे गाडी हलली. हा पैसा कचेरीने स्वतः खर्च केला नाही. तो स्वयंसेवी संस्थांच्या हातून गेला, आणि नुसते अन्नवाटप न करता निर्वासितांना जिथे आहेत तिथेच रोजगार, घर, शिक्षण मिळवून देण्याचे प्रयोग त्यातून झाले. १९५४ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक या कचेरीला मिळाले, त्यात या संस्थांचा वाटा लहान नव्हता.

'सर्वांत लायक' कोण, हे त्या काळी कसे ठरे? स्पष्ट सांगायचे तर बहुतांशी ओळखीने. चर्चच्या मोठ्या संघटना, क्वेकर पंथीयांची मंडळे, रेडक्रॉस, ज्यूंच्या साहाय्यसंस्था ही घराणी ठरलेली होती, आणि माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत. १९६२ साली या संस्थांनी जिनीव्हात आपली आंतरराष्ट्रीय परिषदही स्थापन केली. आशिया-आफ्रिकेतली एखादी छोटी संस्था या वर्तुळात शिरणार तरी कशी, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

आपल्या देशाची रीत थोडी निराळी होती. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. पण माणसे आली तेव्हा दार लावले नाही. १९५९ मध्ये तिबेटी निर्वासित आले, तेव्हा आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली मध्यवर्ती साहाय्य समिती झाली, आणि परदेशांतून आलेली मदत तिच्यामार्फत वाटली जाऊ लागली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जे आले, त्यांचा आकडा एक कोटीच्या घरात गेला. आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, त्या वर्षी नोव्हेंबरपासून पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या मदतीचा मेळ घालण्याचे काम तेव्हा उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांच्या कचेरीकडे होते. मात्र छावण्यांचा ताबा भारत सरकारने सोडला नाही. परदेशी संस्थांनी औषधे, दूध, ताडपत्री जरूर पाठवावी. पण छावणीत हात आपल्या माणसांचे असावेत, असे धोरण. रामकृष्ण मिशन, भारत सेवाश्रम संघ आणि चर्चच्या भारतीय संस्था राबल्या. काही परदेशी मंडळींना हे रुचले नाही. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. ज्या देशाच्या जमिनीवर छावणी आहे त्या देशाच्या कायद्याने नोंदलेली संस्था आहे का, हा अर्जातला प्रश्न नुसता सोपस्कार नव्हे.

आता ती मोठी ठेच. जून १९९४ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत, ओस्लोला, उच्चायुक्तांची कचेरी आणि स्वयंसेवी संस्था यांची मोठी परिषद झाली. बरोबरीने काम कसे करावे याच्या १३४ शिफारशी मंजूर झाल्या. मंडळी समाधानाने घरी गेली, आणि महिन्याभरात परीक्षा आली. मध्य आफ्रिकेतल्या रवांडा देशात भयंकर नरसंहार झाला होता, आणि जुलैच्या मध्यावर चार-पाच दिवसांत सुमारे आठ लाख माणसे सरहद्द ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराभोवती येऊन बसली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या कातळाची. कुदळ लागेना. ना संडास खणता येईना, ना थडगे. पाठोपाठ पटकी आली. पहिल्या महिन्याभरात सुमारे पन्नास हजार माणसे पटकीने आणि हगवणीने मेली.

मदतीला शंभराहून अधिक संस्था धावल्या. काहींनी अप्रतिम काम केले. पण काही अशा, की पटकीचा रोगी कधी पाहिलेला नाही, तिथली भाषा येत नाही, कुठे काय चालले आहे ते विचारायची तसदी नाही. पुढे झालेल्या मोठ्या परीक्षणाने हे सगळे नोंदवून ठेवले. त्यातही एक दुखरी गोष्ट होती. नरसंहार करणारेच त्या छावण्यांत पुढारी होऊन बसले होते आणि धान्यवाटपावर त्यांचाच हात होता. 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेची फ्रेंच शाखा वर्षअखेरीस तिथून निघून गेली, कारण आपल्या मदतीने मारेकरी पोसले जात आहेत, असे तिला वाटले. राहिलेल्यांना वाटले, आपण गेलो तर निरपराध मुले मरतील. दोघांचेही म्हणणे खरे होते.

गोमानंतर चांगुलपणा हा लायकीचा पुरावा मानणे बंद झाले. १९९७ पासून संस्थांनी मिळून किमान मापे ठरवली. माणशी रोज निदान पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, अशी. (आपल्या यात्रा-जत्रांची व्यवस्था पाहणाऱ्यांनी हे आकडे जरूर टिपून ठेवावेत.) आणि अर्जात असे प्रश्न आले: हे काम पूर्वी कुठे केले? किती माणसांसाठी? त्या भागात तुमची माणसे आहेत का? तिथल्या लोकांशी संबंध कसे आहेत?

दुसरी ठेच सांगताना लेखणी अडखळते. फेब्रुवारी २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांतल्या छावण्यांविषयी एक अहवाल बाहेर आला. उच्चायुक्तांची कचेरी आणि 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेची ब्रिटिश शाखा यांनीच तो करवून घेतला होता. मदत वाटणारी काही माणसे धान्य, तेल, ताडपत्री यांच्या बदल्यात अल्पवयीन मुलींकडून शरीराची मागणी करतात, असे त्यात म्हटले होते. पुढच्या चौकशीत व्यक्तींवरचे बहुतेक आरोप सिद्ध होऊ शकले नाहीत, पण असा प्रकार चालतो हे खरे ठरले. ज्याच्या हाती रेशन त्याच्या हाती सत्ता, हे गावात राहणाऱ्याला वेगळे समजावून द्यायला नको. ऑक्टोबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नियम काढला. अठरा वर्षांखालील कुणाशीही असे संबंध म्हणजे गुन्हा, मग स्थानिक कायदा काहीही म्हणो. आणि भागीदार संस्थेने हा नियम पाळण्याचे लेखी कबूल केल्याशिवाय तिच्याशी करारच करायचा नाही. आज या बाबतीत संस्थेची आठ कसोट्यांवर तपासणी होते. तक्रार कुणाकडे करायची, कर्मचारी नेमताना पूर्वचौकशी करता का, चौकशी कोण करणार, पीडितेला मदत कुठून मिळणार, असे सगळे विचारतात. 'आमच्याकडे असे होत नाही' हे उत्तर चालत नाही.

मग आज अर्ज होतो कसा? पूर्वी संयुक्त राष्ट्रांची प्रत्येक शाखा आपापले नमुने भरून मागे. तीच माहिती मुलांच्या संस्थेला, तीच अन्नाच्या संस्थेला, तीच निर्वासितांच्या कचेरीला. २०१८ साली या तिघींनी संगणकावर एकच सामाईक दप्तर सुरू केले. संस्थेने तिथे एकदा आपले खाते उघडायचे, नोंदणीचा दाखला, विश्वस्तांची नावे, बँकेचा तपशील, पूर्वीचे काम, हिशेबतपासणीचे अहवाल भरायचे आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे. नफा कमावणारी संस्था चालत नाही. सुरक्षा परिषदेच्या बंदी-यादीत संस्थेचे किंवा तिच्या प्रमुखांचे नाव नाही ना, हे पाहिले जाते. अर्जाला फी मुळीच नाही. कुणी या कामासाठी पैसे मागितले तर तो ठक समजावा.

खाते उघडले म्हणजे काम मिळाले असे नव्हे. कचेरी अमुक देशात, अमुक निर्वासितांसाठी, अमुक काम करायचे आहे, अशी जाहिरात त्याच दप्तरात देते. संस्थेने मुदतीच्या आत थोडक्यात योजना लिहायची. काय करणार, कुणासाठी, कसे, किती खर्चात, आणि स्वतः काय घालणार. हे शेवटचे पुष्कळांना खटकते. पण ज्या कचेरीचा जन्मच रिकाम्या हातांनी झाला, तिच्या भागीदाराने आपली चार भांडी आणावीत, ही रीत तेव्हापासूनची. त्या देशातल्या कचेरीत निरनिराळ्या विभागांच्या माणसांची समिती योजनांची तुलना करते, आणि शेवटचा निर्णय कचेरीचा प्रमुख देतो. नंतर करार. पैसे एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. पहिल्याचा हिशेब पटल्यावर दुसरा. वरून बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी. शाळेच्या इमारतीचे अनुदान घेतलेल्या कुणालाही यात नवे काही वाटणार नाही.

संस्थांचीही गाऱ्हाणी आहेत, आणि ती रास्त आहेत. २००७ मध्ये जिनीव्हात समानता, पारदर्शकता, परिणामांकडे दृष्टी, जबाबदारी आणि परस्परपूरकता अशी पाच तत्त्वे ठरली. पण बरीच वर्षे करार एका वर्षाचे असत. शाळा का एका वर्षात उभी राहते? परदेशी संस्थांना मुख्य कचेरीच्या खर्चापोटी टक्केवारी मिळे, स्थानिक संस्थांना मिळत नसे. जणू त्यांना दिवाबत्तीचा खर्च येतच नाही! ही रीत अलीकडे बदलली. २०१६ च्या इस्तंबूलच्या परिषदेत देणगीदारांनी आणि मोठ्या संस्थांनी मदतीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देण्याचे वचन दिले. ते वचन पुरे झाले नाही, आणि २०२५ साली मोठ्या देणगीदार देशांनी हात आखडता घेतल्यावर उच्चायुक्तांच्या कचेरीलाच आपली हजारो माणसे कमी करावी लागली. अर्ज कितीही चांगला असो, पलीकडच्या पातेल्यात असेल तेवढेच वाढले जाणार.

एक अडचण मात्र अर्जाच्या पहिल्याच रकान्यात आहे. नोंदणीचा दाखला जोडा. पण छावणीतल्या निर्वासितांनी आपापसांत मंडळ काढले, तर त्याची नोंदणी करायची कुठे? आपल्या देशात जाता येत नाही, आणि आश्रय दिलेल्या देशाचा कायदा पुष्कळदा परक्याला संस्था नोंदू देत नाही. म्हणजे वळिवड्याच्या त्या पोलिश शिक्षिकांनी आज अर्ज केला असता, तर तो पहिल्या रकान्यातच अडला असता. अलीकडच्या काही वर्षांत कचेरीने निर्वासितांच्या स्वतःच्या मंडळांसाठी लहान रकमेच्या अनुदानाची वेगळी वाट काढली आहे. कागद थोडे, करार छोटा, आणि रीतसर नोंदणी झालेली नसली तरी मंडळाचा विचार होतो.